अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

आधीच सांगून टाकतो. या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण ते खुसपटं काढायला. कुणी लिहिलं की घरातले दिवे आपोआप लागले, तर खाली 'वायरिंग तपासून घ्या' अशी कमेंट टाकणारा एक माणूस असतो ना... तो मीच. सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात मी मशीन मेंटेनन्सचं काम करतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते कारण मल्टिमीटरवर दिसतं, यावरच माझी रोजीरोटी चालते. आमच्यात गेलेला माणूस परत येतो असं धर्मानंही मानत नाहीत. म्हणजे मल्टिमीटर आणि मौलवीसाहेब, दोघांचंही या बाबतीत एकमत! त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. अम्मीला आणि बहिणीला विचारून लिहितोय, नावं तेवढी बदलली आहेत.

आमचं घर कवठे महांकाळला. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला कंपाउंडची भिंत आणि लोखंडी फाटक. फाटक उघडलं की असं किंचाळतं की शेजारचेही उठून बसतात. घराच्या पुढच्या भिंतीवर विजेचं मीटर, आणि त्याच्या बरोबर खाली अर्थिंगचा खड्डा. म्हणजे जमिनीत गाडलेला पाइप, भोवती मीठ-कोळसा आणि वर माती. घरातल्या उपकरणांतून वाट चुकलेली वीज त्या पाइपातून जमिनीत जावी, यासाठी तो असतो.

त्या खड्ड्याला लागून एक काळा दगड आहे. माझे अब्बा त्या दगडावर बसून वुजू करायचे, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं. न्हाणीत उकिडवं बसायला त्यांचे गुडघे ऐकायचे नाहीत, म्हणून ही जागा. तोटीचा एक लोटा होता, त्यातून बारीक धार सोडत सगळं उरकायचे. आमच्याकडं पाण्याची काय परिस्थिती असते ते दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. शेवटी घसा खाकरायचे, दोनदा, आणि लोटा दगडावर उपडा ठेवायचे. त्या खाकरण्यावर आमच्या गल्लीत चहा ठेवायचे लोक.

अब्बा मणेर होते. आठवडी बाजारात बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायचे. यंदाच्या थंडीत ते गेले. दोन दिवस ताप काय आला, आणि गेलेच. त्यांचे कपडे, चप्पल, तो लोटा, सगळं चाळिसाव्यानंतर अम्मीनं मशिदीत देऊन टाकलं.

आता कॉम्प्युटरचं. माझी धाकटी बहीण शबनम सासर सोडून घरी आली त्याला दोन वर्षं झाली. का आली ते लिहीत नाही. आली तेव्हा तिच्या हातावर जे वळ होते ते अब्बांनी बघितले होते, एवढं पुरे. ज्या हातात आपण लग्नाचा हिरवा चुडा भरला त्याच हाताची ही दशा... त्या दिवशी अब्बा बाजाराला गेले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी तिला कॉम्प्युटर आणून दिला. सेकंडहँड डबा होता, पण तिनं त्यावर टायपिंग, एक्सेल, सगळं शिकून घेतलं.

अब्बा गेल्यावर आमचे चाचा म्हणायला लागले, "बाप हुता तवर ठीक हुतं. आता तिला किती दिस ठेवनार? सासरचे न्यायला तयार हायत. भाभीची इद्दत सरली की बैठक घिऊ, आन पाठवून दिऊ." इद्दत म्हणजे नवरा गेल्यानंतर बाईनं घरात राहायचा काळ, चार महिने दहा दिवसांचा. त्या काळात अम्मीनं उंबऱ्याबाहेर पडायचं नाही आणि परक्या पुरुषानं घरात यायचं नाही. आमच्याकडं हे कडक पाळतात. मी आपला मध्येच लोंबकळत होतो. चाचांपुढं मी 'नको' म्हणत होतो, पण माझ्या 'नको'ला वजन नव्हतं. मी सांगलीत भाड्याच्या एका खोलीत राहतो, तिथं बहिणीला आणि अम्मीला कुठं ठेवणार होतो?

तेवढ्यात शबनमला पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. घरून करायचं काम, पक्की नोकरी. त्यासाठी सोमवारी सकाळी दहा वाजता एक ऑनलाइन परीक्षा. घरातच, कॅमेऱ्यासमोर एकटीनं बसून द्यायची. आणि अट अशी की ज्या मशीनवरून नोंदणी केली त्याच मशीनवरून द्यायची, कारण त्यांचं सॉफ्टवेअर ते मशीन ओळखून ठेवतं. "हे झालं तर चाचापुढं मी बोलू शकते, भाई," ती मला फोनवर म्हणाली. "न्हाईतर मला जावं लागनार... मला म्हायती हाय."

आणि त्याच आठवड्यात, मे महिना, वीज गेली आणि परत आली ती धाडकन जास्त दाबानं. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उडाला. जळका वास, काम तमाम.

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पॉवर सप्लाय बदलणं म्हणजे माझ्या दृष्टीनं बल्ब बदलण्याइतकं सोपं. शुक्रवारी संध्याकाळी सांगलीहून नवा घेऊन गेलो, बसवला, बटण दाबलं. डब्यातला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा.

मग सुरू झालं माझं शास्त्र. रॅम काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. बटणाएवढी छोटी बॅटरी काढून घातली. हार्ड डिस्क, डीव्हीडी, सगळं सोडवून नुसता बोर्ड चालवून बघितला. काही नाही... शबनम दारात उभी राहून बघत होती. काही विचारत नव्हती, आणि ते जास्त त्रासदायक होतं. शेवटी मीच खेकसलो, "होतंय गं! जा, अभ्यास कर."

शनिवारी सकाळी डबा गोधडीत गुंडाळला, मोटरसायकलला बांधला आणि सांगलीला दीपककडं नेला. दीपक माझा जुना मित्र, त्याचं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यानं वायर लावली, बटण दाबलं... आणि सुरू! पडद्यावर शबनमनं लावलेला अब्बांचा बांगड्यांच्या पेटीजवळचा फोटो आला. दीपक माझ्याकडं बघून हसला. "जावेदभाई, चालू मशीन घिऊन आलाईस की रं! चहा प्यायला यायचं हुतं तर तसंच यायचं."

घरी आणला. बंद. पंख्याचा तोच अर्धा फेरा.

पुन्हा गोधडी, पुन्हा सांगली. तिथं सुरू. दीपकनं तरीही स्वतःजवळचा एक पॉवर सप्लाय घालून दिला, वायरही दिली, आणि अर्धा तास चालू ठेवून दाखवला. संध्याकाळी घरी लावला, तर बंद. आणि या वेळी डब्याला बोट लागलं तर झिणझिण्या आल्या.

दीपकला फोन लावला. तो म्हणाला, "मशीनमधी काय न्हाई गड्या, तुज्या घरात हाय. मी उद्या येतो, बोर्ड बघतो."

"तुला घरात घेता येणार नाही. अम्मी इद्दतीत आहे."

तो म्हणाला, "बरं. मग तूच बघ. अर्थिंग तपास."

मल्टिमीटर लावला. अर्थिंग मेलेलं होतं. म्हणजे वायर होती, पाइप होता, पण जमिनीशी संबंध सुटलेला. खड्ड्याजवळ जाऊन बघितलं तर माती तडकलेली, भेगांत बोट जाईल इतकी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं अब्बांच्या वुजूचं पाणी त्या दगडावरून ओघळून खड्ड्यात जात होतं. रोज, पाच वेळा. आता त्या दगडावर कुणी बसत नव्हतं. अब्बांना अर्थिंग म्हणजे काय ते ठाऊकही नव्हतं, त्यांना आपली गुडघ्यांना सोसणारी जागा हवी होती.

हे दीपकला सांगितलं तर तो म्हणाला, "पानी वत मग. पर एका घागरीनं काय हुत न्हाई बघ. म्हैनाभर रोज जिरलं पायजे."

आणि खरं सांगू का, मला ते कारणही पटत नव्हतं. अर्थिंग नसलं म्हणून झटका बसतो, कॉम्प्युटर बंद पडत नाही. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं अर्थिंगशिवाय चालतात! पण दुसरं काही सुचतही नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार.

रविवारी सकाळी घागर घेऊन खड्ड्याकडं निघालो तर अम्मी दारातनं ओरडली, "आरं, नळाला पानी येऊन किती दिस झालं, टँकरचा पत्त्या न्हाई, आन तू मातीत वततोस व्हय?"

"शब्बोच्या परीक्षेसाठी आहे, अम्मी."

ती म्हणाली, "वत."

ओतली. माती गटगट प्यायली आणि ढेकरही दिला नाही. मल्टिमीटरचा आकडा होता तिथंच. दुपारच्या उन्हात वरची माती पुन्हा पांढरी पडली. घरात आता एक पिंप पाणी उरलं होतं, तेही निम्मं. अम्मीनं त्याच्या तोंडाला फडकं बांधलं, वर झाकण ठेवलं, झाकणावर पाटा ठेवला. "आता ह्याला कुनी हात लावायचा न्हाई," म्हणाली. कंपनीला मशीन बदलून द्या म्हणून मेल केला होता, पण रविवारी कोण उत्तर देतंय.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. परीक्षेचं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. "मशीनबी बंद पडलं म्हनं," ते म्हणाले. "आल्लाच्या मनात न्हाई, दुसरं काय." फोन स्पीकरवर होता, शबनमनं ते ऐकलं. भांडी घासायला बसली होती, तिथं वापरायलाही पाणी नव्हतं, नुसती राख लावून पुसत होती. मला त्या क्षणी अब्बांची फार आठवण आली. ते असते तर त्यांनी काही शहाणपण सांगितलं असतं असं नाही, पण ते तिच्याजवळ जाऊन बसले असते. मला तेही जमेना.

मी अंगणात बाज टाकून झोपलो. मे महिन्यात आम्ही बाहेरच झोपतो. फाटकाला आतून साखळी होती, ती मीच लावली होती.

फजरच्या, म्हणजे पहाटेच्या अजानच्या सुमाराला मला अर्धवट जाग आली. उजाडत आलं होतं. दगडावर पाण्याची बारीक धार पडत होती. मग चूळ भरल्याचा आवाज, हात चोळल्याचा आवाज... आणि मग घसा खाकरला. दोनदा. मी कुशीवर वळलो आणि पुन्हा झोपलो.

हे नीट समजून घ्या. मला भीती वाटली नाही, आश्चर्यही वाटलं नाही. लहानपणापासून हा आवाज ऐकत मी कूस बदलत आलोय. अब्बा उठले, म्हणजे अजून तासभर झोपायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. झोपेत मला ते गेल्याचं आठवलंच नाही.

आठवलं ते ऊन तोंडावर आल्यावर. धडपडून उठून बसलो. दगड ओला होता. नुसता शिंपडल्यासारखा नाही, तर बसायची जागा मधोमध कोरडी आणि भोवतीनं ओला. दगडाच्या खाचेतून ओघळ खड्ड्यात गेला होता. खड्ड्यातली माती काळी पडली होती, भेगा मिटल्या होत्या. मी बोट खुपसलं, तर ते मुळापर्यंत गेलं आणि खालीही गारच लागलं. आदल्या दिवशीच्या घागरीनं वरचा थरसुद्धा ओला राहिला नव्हता, आणि आता हे.

पहिलं काम केलं ते पिंप बघण्याचं. पाटा, झाकण, फडकं, सगळं जागच्या जागी. पाणी तेवढंच. फाटकाची साखळी लागलेली. नळ कोरडा, आत हवा वाजत होती.

शबनमला विचारलं. ती रात्रभर कॉम्प्युटरपाशीच पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. मग अम्मीकडं गेलो. ती मुसल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर बसून होती, नमाज होऊन गेली होती.

"अम्मी, पहाटे अंगणात पाणी तू ओतलंस?"

"मी न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तू ऐकलंस?"

"काय?"

"खाकरलं ते."

माझ्या अंगावर काटा आला. तो मात्र खरा आला. मी मान हलवली.

"मला रोज ऐकू येतंय," अम्मी म्हणाली. "ते गेल्यापास्नं. मला वाटायचं, माझंच मन हाय. म्हनून कवा बोलले न्हाई कुनाला. पर तुलाबी ऐकू आलं म्हंजी..." मी तिच्याजवळ बसलो. आम्ही दोघंही रडलो, इथं लपवण्यात अर्थ नाही.

मग मी माझ्या सवयीनं मल्टिमीटर आणला. अर्थिंग उत्तम होतं. कारखान्यात सुद्धा इतकं चांगलं मिळत नाही. आत गेलो, शबनमला कॉम्प्युटरपाशी बोलावलं आणि म्हणालो, "बटण तू दाब."

"भाई, नको. बंदच ऱ्हायलं तर..."

"दाब."

तिनं बिस्मिल्ला म्हणून दाबलं. पंखा फिरला. अर्ध्या फेऱ्यावर थांबला नाही. पडद्यावर अब्बांचा फोटो आला, बांगड्यांच्या पेटीजवळचा, आणि शबनम हुंदका देऊन हसली. दहा वाजता ती दार लावून परीक्षेला बसली. मी बाहेर मीटरखाली उभा राहिलो. वीज जाऊ नये म्हणून मी तिथं उभं राहून काय करणार होतो, देव जाणे. पण वीज गेली नाही.

ती पास झाली. आता घरून काम करते.

अम्मीची इद्दत संपल्यावर चाचा आले, ठरल्याप्रमाणं. बसले, चहा घेतला आणि विषय काढला. शबनमनं शांतपणे सांगितलं की मी कमावतेय आणि मी जाणार नाही. चाचांचा आवाज चढला. "आज माझा भाऊ असता तर..."

अम्मी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं आयुष्यात दिराला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. ती म्हणाली, "आवं, त्यास्नी इचारूनच चाललंय सगळं. तिच्या बापाचं म्हननं आमाला कळलंय. तुमी काळजी करू नका."

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं होतं, की चाचांनी रिकामा कप बाजूला सारला. ते उठले. जाताना मी फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्यांनी त्या दगडाकडं एकदा बघितलं. त्यांच्याही भावाची जागा होती ती. मग डोळे पुसत गेले. बैठकीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तुम्ही म्हणाल, झालं की स्पष्टीकरण... माती ओली झाली, अर्थिंग सुधारलं, कॉम्प्युटर चालला. पाणी कुणी ओतलं एवढंच काय ते कोडं. मलाही काही दिवस तसंच वाटलं. म्हणून परीक्षेचा निकाल लागल्यावर एका रविवारी मी मुद्दाम अर्थिंगची वायर मीटरपासून सोडवली. पूर्ण तोडली. डब्याला बोट लावलं तर झिणझिण्या आल्या, आधीसारख्याच. मग बटण दाबलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. दहा वेळा बंद करून दहा वेळा चालू केला. तो दर वेळी चालला. म्हणजे अर्थिंगमुळं तो बंद नव्हताच. दीपकलाही सांगितलं. "काय की बाबा," एवढंच म्हणाला.

मग कॉम्प्युटर माझ्या अब्बांच्या दगडावर पाणी पडेपर्यंत का थांबला होता? मला माहीत नाही. मौलवीसाहेबांना विचारायचं धाडस झालं नाही. इथं लिहिलं, कारण माझ्यासारखा कुणीतरी खाली 'वायरिंग तपासून घ्या' असं लिहीलच. तपासलंय, भावा. सगळं तपासलंय.

वायर मी परत जोडली. दीपकनं नवं, पाणी न लागणारं अर्थिंग बसवून देतो म्हटलं, मी नको म्हणालो. अम्मी आता न्हाणीत वुजू करत नाही. पहाटे उठून त्या दगडावर जाऊन बसते, पाचही वेळा तिथंच करते. त्यामुळं खड्डा आता कायम ओला असतो, आणि पुन्हा तसं काही झालं तरी ओळखायला मार्ग उरलेला नाही. हे मी तिला एकदा बोलूनही दाखवलं.

ती म्हणाली, "तेंनी किती दिस पानी घालायचं? आता मी घालते."

आता तिला पहाटे ते खाकरणं ऐकू येत नाही. मी घरी गेलो की अजूनही अंगणातच बाज टाकतो. पहाटे धारेचा आवाज येतो, चूळ भरल्याचा येतो, मी कान देऊन पडून राहतो. शेवटी कुणी खाकरत नाही. मग उठून बघतो, तर अम्मी न्हाणीतला लोटा दगडावर उपडा ठेवत असते.